तोरोव्हिनच्या रब्बींची खुर्ची

नवसाच्या मलिद्यासाठी जाडे पोहे आणायचेत, एवढंच संघमित्राला सांगून येरुशाबाई चेउलकर त्या दुपारी घराबाहेर पडल्या होत्या. जॅक्सन हाइट्सच्या दुकानात पोहे मिळाले, नारळही बरा मिळाला. मग गाडीत बसल्यावर मांडीवरची पिशवी घट्ट धरून त्या म्हणाल्या, "संघमित्रा, आता घरी नको. ब्रुकलिनला घे."

संघमित्रा मूळची नागपूरची. क्वीन्समध्ये येरुशाबाईंच्या शेजारच्या बिल्डिंगमध्ये राहायची, आणि येरुशाबाईंचा मुलगा सॅमसन ज्या हॉस्पिटलात दाखल होता तिथेच नर्स होती. तिने किल्ली लावली, पण गाडी सुरू केली नाही.

"त्या तोरोव्हिनच्या रब्बींकडे? मावशी, ते तर वारले ना? तुम्हीच सांगितलं होतं."

"वारले. पण उत्तरं अजून येतात म्हणे."

"उत्तरं येतात म्हणजे? देतं कोण?"

"तेच तर बघायचंय मला," येरुशाबाई म्हणाल्या.

येरुशाबाई रेवदंड्याच्या बेने इस्राएली. कोकणातले हे मराठी ज्यू पिढ्यान्‌पिढ्या तेलाचे घाणे चालवायचे आणि शनिवारी, त्यांच्या विश्रांतीच्या पवित्र दिवशी, घाणा बंद ठेवायचे, म्हणून गाव त्यांना शनवार तेली म्हणायचं. येरुशाबाईंनी उभी हयात ठाण्याच्या एका शाळेत शिकवण्यात घालवली, आणि कॉप्या पकडण्यात त्यांचा हात धरणारं तिथे कोणी नव्हतं. एखाद्या पोराने पाणी प्यायला जायची परवानगी जरा जास्तच नम्रपणे मागितली, की बाई आधी त्याच्या बाह्या उलट्या करून बघायच्या. पुढे निवृत्त होऊन नवऱ्यासोबत मुलाकडे अमेरिकेत आल्या, पण त्यांचा संशयी स्वभाव काही निवृत्त झाला नाही.

नवरा हायम घड्याळं दुरुस्त करायचा. इथे आल्यावरही त्याचे हात स्वस्थ बसेनात, म्हणून तो ब्रुकलिनमधल्या एका घड्याळाच्या दुकानात जायला लागला. त्या वस्तीत सगळे काळे कोट आणि काळ्या टोप्या घालणारे हसीद पंथाचे कर्मठ ज्यू, आणि त्यांचे गुरू म्हणजे तोरोव्हिनचे रब्बी. तोरोव्हिन हे त्यांच्या पूर्वजांचं युरोपातलं गाव. रब्बींच्या खोलीतलं जुनं भिंतीवरचं घड्याळ बंद पडलं तेव्हा हायमला बोलावणं आलं. काळ्यासावळ्या कारागिराला बघून भोवतालच्या लोकांनी विचारलं, तू नक्की ज्यू आहेस का? हा प्रश्न बेने इस्राएलींनी इस्राएलातही ऐकला होता आणि तो त्यांच्या काळजात रुतून बसला होता. रब्बींनी मात्र घाण्याची गोष्ट ऐकून घेतली आणि म्हणाले, ज्यांनी परक्या मुलखात शनिवारी बैल सोडले त्यांना हे विचारणारे आपण कोण? हायम ते मरेपर्यंत विसरला नाही. चार वर्षांपूर्वी तो गेला, आणि त्यानंतर दोन वर्षांनी रब्बीही गेले. त्यांना मूलबाळ नव्हतं. गादीवर कोणी बसलं नाही.

म्हणजे येरुशाबाईंचा विश्वास रब्बींवर होता. मागे उरलेल्यांवर नव्हता. पण अडल्या माणसाला निवड कुठे असते? सॅमसनच्या मेंदूतली एक रक्तवाहिनी फुगली होती. एक डॉक्टर म्हणत होता, ताबडतोब ऑपरेशन करा. दुसरा म्हणत होता, हात लावाल तर टेबलावरच जाईल, थांबा. सकाळपर्यंत काय ते सांगायचं होतं. सॅमसनला औषधांनी सारखी गुंगी यायची. आदल्या दिवशी आईचा हात दाबून तो म्हणाला होता, "आई, you decide. I trust you." अमेरिकेत आल्यापासून आईशी तो इंग्रजीच बोलायचा. हे वाक्य येरुशाबाईंच्या उरावर धोंड्यासारखं बसलं होतं.

ब्रुकलिनला पोचेपर्यंत बर्फ भुरभुरायला लागलं आणि डिसेंबरची उन्हं संपलीच. रब्बींचं घर विटांचं, अरुंद, शेजारच्या घरांना खेटून उभं होतं. दार उघडंच होतं. आत शिरताच मेणबत्त्यांचा, खारवलेल्या मासळीचा आणि ओल्या लोकरी कोटांचा वास आला. पुरुष एका बाजूला, बायका दुसऱ्या. एका म्हाताऱ्याने त्यांच्याकडे न बघताच बोटाने मागची खोली दाखवली.

त्या खोलीत एक बाक, एक खिडकी आणि एक बंद दार होतं. ते दार रब्बींच्या खोलीचं. बाकावर आधीच एक तरुण बाई बसलेली होती. येरुशाबाई बसल्या नाहीत. त्या खिडकीपाशी गेल्या आणि काचेला नाक लावून मागचं अंगण बघू लागल्या.

"काय शोधताय?" संघमित्रा पुटपुटली.

"रब्बींच्या खोलीला मागून पायऱ्या आहेत. बघ. आत कोणी बसवून ठेवला असेल तर तिथूनच येणार ना?"

"मग?"

"पायऱ्यांवरचं बर्फ जसंच्या तसं आहे. मांजरसुद्धा गेलेलं नाही."

"मावशी, तो सकाळपासून आत बसला असेल. डबा घेऊन," संघमित्रा म्हणाली. ती बौद्ध, बाबासाहेबांचा फोटो घरात दर्शनी लावणारी. आत्मा, भूत या गोष्टी तिच्या हिशेबी नव्हत्याच. येरुशाबाईंना तिचा तो ठामपणा आज हवाहवासा वाटत होता, म्हणून तर तिला सोबत आणलं होतं.

मग दार उघडून रब्बींचा सेवक बाहेर आला. त्याचं नाव फाइवेल. वाळका, खांद्यात वाकलेला, आणि आवाज इतका खालचा की ऐकायला पुढे झुकावं लागे. त्याने इंग्रजीत रीत समजावून सांगितली. प्रश्न सांगायचा नाही, मनात धरायचा. रब्बींना फक्त नाव लागतं. नाव आत जातं, उत्तर बाहेर येतं.

प्रश्नाशिवाय उत्तर! येरुशाबाईंच्या भुवया वर गेल्या. पेपर न बघता मार्क देणारे मास्तर त्यांनी पाहिले होते.

तरुण बाईने हळूच एक नाव सांगितलं. फाइवेल आत गेला, दार लागलं. आतून त्याचा पुटपुटण्याचा आवाज आला आणि थांबला. मग कुरकुर ऐकू आली, अंगाने भरलेला माणूस जुन्या लाकडी खुर्चीत टेकल्यावर येते तशी. फाइवेल तर काटकुळा होता. तो बाहेर येऊन तरुण बाईला एवढंच म्हणाला, "धाकटीला आधी." ती बाई तोंडावर रुमाल दाबून रडत रडत निघून गेली.

"ही बाई त्यांनीच आणून बसवलेली असणार," येरुशाबाई मराठीत म्हणाल्या.

फाइवेल त्यांच्यासमोर येऊन उभा राहिला, नजर जमिनीला. "नाव. आणि कोणाचा."

येरुशाबाईंनी शाळेच्या हजेरीत घ्यायच्या तसं खणखणीत नाव घेतलं. "सॅमसन हायम चेउलकर. हिब्रूत शिमशोन. हायमचा मुलगा."

नवऱ्याचं नाव एरवी त्यांच्या तोंडी येत नसे. त्या 'अहो' म्हणायच्या, आणि तो त्यांना लाडाने 'येरू' म्हणायचा, तेही चारचौघांत नाही. मुलाच्या नावात मात्र बापाचं नाव आपसूक यायचं. आपल्याकडे ते तसंच येतं.

फाइवेलने पहिल्यांदाच मान वर करून त्यांच्याकडे बघितलं. "शिमशोन बेन हायम?" त्याने विचारलं. "बाई, हेच नाव आत न्यायचं? नक्की?"

येरुशाबाईंची कानशिलं तापली. आला, तोच जुना प्रश्न आला. काळीसावळी बाई, साडीवर कोट, हिचं नाव खरं कशावरून?

"नक्की म्हणजे? माझ्या नवऱ्याचं नाव मला ठाऊक नसणार? तुमच्या रब्बींना विचारा, ते ओळखत होते त्यांना!"

"रागावू नका. तुम्ही द्याल तेच नाव जातं. मला त्यात बदल करायचा अधिकार नाही." तो क्षणभर घुटमळला. मग छातीवर हात ठेवून म्हणाला, "देव तुमचं सांत्वन करो."

तो आत गेला. दार लागलं.

"मावशी," संघमित्रा म्हणाली, "सांत्वन का म्हणाला तो?"

"गोड बोलायची पद्धत असेल. अशा लोकांचं गोड बोलणंच आधी तपासावं."

पण या खेपेला आत पुटपुटणं फार वेळ चाललं. खोलीतला उजेड विझत गेला. दिवा लावायला कोणी आलं नाही. बाहेरच्या खोलीतले पुरुषांचे आवाजही कधी थांबले ते कळलं नाही. खुर्ची कुरकुरली... आणि थोड्या वेळाने दुसरी एक खुर्ची कुरकुरली. येरुशाबाईंनी संघमित्राचं मनगट धरलं.

मग वास आला. मेणाचा नाही, मासळीचा नाही. लवंगेचा, आणि त्यात मिसळलेला घड्याळाच्या बारीक तेलाचा. येरुशाबाईंनी तो वास आयुष्यभर उशाशी घेतला होता. हायमच्या दाढेत कायम लवंग असायची आणि त्याच्या बोटांचं तेल कधीच जायचं नाही.

"तुला वास येतोय?" त्यांनी विचारलं.

"लवंग ना?" संघमित्रा म्हणाली. "कोणी खात असेल."

दारापलीकडे कोणीतरी भिंतीवरच्या घड्याळाला चावी द्यायला लागलं. किर्र... किर्र... मध्ये थांबून, कानोसा घेऊन, पुन्हा किर्र. ती लय येरुशाबाईंना पाठ होती.

दार उघडलं. फाइवेल उंबऱ्यात उभा होता, दोन्ही हात दाराच्या चौकटीवर. चावी देण्याचा आवाज त्याच्या पाठीमागे चालूच होता.

"रब्बी म्हणतात, पोचला," तो म्हणाला. "वाट चुकला नाही. त्याचा बाप त्याला घ्यायला आला होता."

येरुशाबाईंना पहिल्यांदा काही उमगलंच नाही. मग त्या ओरडल्या.

"कोण पोचला? माझा मुलगा हॉस्पिटलमध्ये आहे! जिवंत आहे! मी त्याच्या ऑपरेशनचं विचारायला आलेय!"

फाइवेलचा चेहरा पांढराफटक पडला. "जिवंत आहे? मग तुम्ही बापाचं नाव का दिलंत?"

"म्हणजे?"

"जिवंत माणसासाठी आईचं नाव घेतात बाई... अमक्या आईचा मुलगा. आमच्यात बापाच्या नावाने गेलेल्यालाच पुकारतात. मी तुम्हाला विचारलं. दोनदा विचारलं..."

संघमित्रा मागे वळून पळत सुटली. बाहेर कोपऱ्यावर नाण्यांचा फोन होता तिकडे.

येरुशाबाई तशाच पुढे झाल्या. "बायकांनी आत यायचं नाही," असं काहीतरी फाइवेल म्हणाला, पण त्याला बाजूला सारून त्या खोलीत शिरल्या. आत एक मेणबत्ती जळत होती. भिंतींना छतापर्यंत पुस्तकं. मधोमध रब्बींची उंच पाठीची खुर्ची. तिच्यावर कोणी बसू नये म्हणून एका हातापासून दुसऱ्या हातापर्यंत जाड दोरी बांधलेली होती आणि दोरीवर धूळ साचली होती. समोर गाऱ्हाणं घेऊन येणाऱ्याची साधी खुर्ची, रिकामी. पडद्यामागे कोणी नव्हतं. त्यांनी पडदा ओढून बघितला, तशा घाईतही बघितला. मागचं दार आतून अडसर घालून बंद होतं. भिंतीवरच्या घड्याळापाशीही कोणी नव्हतं, आणि किर्र किर्र तिथूनच येत होतं.

आयुष्यभराचा संशय त्या क्षणी गळून पडला. एखादा लबाड माणूस सापडता तर त्यांनी त्याचे पाय धरले असते, इतकं बरं वाटलं असतं त्यांना.

"अहो," त्या घड्याळाकडे बघून म्हणाल्या. चार वर्षांत ही हाक त्यांनी मारली नव्हती. "अहो, मी चुकले. त्याला नेऊ नका. तुमच्या पाया पडते... त्याला घेऊन परत या. अहो, परत या!"

चावीचा आवाज थांबला. साधी खुर्ची एकदा कुरकुरली, कोणी उठल्यासारखी, आणि मेणबत्तीची ज्योत दाराच्या दिशेने आडवी झाली.

फाइवेल उंबऱ्यातून मागे सरला होता. जाणाऱ्याला वाट द्यावी तसा तो भिंतीला चिकटून उभा होता.

"काय म्हणालात तुम्ही? कोणाला बोलावलंत?"

"माझ्या मुलाला."

"फक्त मुलाला?" त्याने रिकाम्या खुर्चीकडे बघितलं. "नीट आठवा बाई. इथे म्हणाल अगदी तसंच घडतं..."

तेवढ्यात संघमित्रा धापा टाकत आली. केसांत बर्फ, डोळ्यांत पाणी. "मावशी, वॉर्डला फोन केला. त्याची पल्स गेली होती. एकदम गेली. शॉक दिले, काही होत नव्हतं, डॉक्टर थांबवणारच होते... आणि आत्ता, मी होल्डवर असतानाच, परत आली! चला!"

हॉस्पिटलपर्यंतच्या रस्त्यात येरुशाबाई नवसाला पावणाऱ्या प्रेषिताचा, एलियाहू हन्नबीचा, धावा करत होत्या. एक नाही, पाच मलिद्यांचा नवस बोलल्या. पोह्यांची पिशवी कुठे राहिली याचं भान नव्हतं. मनात मात्र शाळेतली जुनी सवय जागी झाली होती आणि एकच वाक्य पुन्हा पुन्हा तपासत होती. त्याला घेऊन परत या. त्यात चुकीचं काय होतं? कुठली आई दुसरं काय म्हणाली असती?

वॉर्डात सगळे हसऱ्या चेहऱ्याने भेटले. थांबा म्हणणारा डॉक्टर हातात नवा फोटो घेऊन आला आणि म्हणाला, असं मी कधी बघितलं नाही. रक्तवाहिनीचा फुगा दिसतच नाही. ऑपरेशनचा प्रश्नच उरला नाही. तो शुद्धीवर आहे, बोलतोय, भेटा त्याला. येरुशाबाईंना रडू फुटलं. संघमित्राने त्यांना पाठीवर हात फिरवत आत नेलं.

सॅमसन उशीला टेकून बसला होता. गाल निस्तेज होते, पण डोळे स्वच्छ. त्याच्या मनगटावर त्याचं नेहमीचं आकड्यांचं प्लास्टिकचं घड्याळ होतं. ते काढायला तो नर्सनाही देत नसे. येरुशाबाई जवळ गेल्या, त्याच्या कपाळावर हात ठेवला. कपाळ गार होतं.

त्याने त्यांच्याकडे बघितलं. बराच वेळ बघितलं. मग डावं मनगट उचलून कानाला लावलं आणि डोळे बारीक करून ऐकू लागला. ऐकू काही येत नसावं. उजव्या हाताचा अंगठा आणि बोट घड्याळाच्या कडेला फिरायला लागले, चावी शोधत. त्या घड्याळाला चावी नव्हतीच.

"काय रे, काय करतोस?" येरुशाबाईंनी विचारलं. ओठ हलले, आवाज निघाला की नाही त्यांना कळलं नाही.

"तिथे फार गारठा होता, येरू," तो म्हणाला.

"बघा मावशी!" संघमित्रा आनंदाने म्हणाली. "चक्क मराठीत बोलतोय तुमच्याशी!"

तिला तो लवंगेचा आणि तेलाचा वास आला नसावा. येरुशाबाईंना आला होता. त्यांनी पलंगाचा कठडा धरला आणि खाली वाकून, अगदी त्याच्या कानाशी विचारलं, "आणि सॅमसन?... सॅमसन कुठे आहे?"

त्याने मान वळवून वॉर्डाच्या दाराकडे बघितलं. कोणाची वाट बघताना माणूस बघतो, तसं. चेहऱ्यावर हळूहळू काळजी उमटत गेली.

"माझ्या मागोमागच निघाला होता," तो म्हणाला. "मी त्याचा हात धरला होता, येरू. दरवाजापर्यंत धरला होता."

बोटं मनगटावरच्या घड्याळाची चावी शोधत राहिली. बाहेरच्या पॅसेजमध्ये मग कोणीतरी अगदी हलक्या आवाजात 'आई, I'm here' अशी हाक मारल्यासारखं येरुशाबाईंना वाटलं, पण संघमित्राने जाऊन बघितलं तेव्हा तिथे फक्त कोणाच्या तरी बुटांचं ओलं बर्फ होतं. ते वॉर्डाच्या दाराशी येऊन थांबलं होतं.